मोडलेल्या घोट्याचे बिल कसे तयार होते

घोट्याचे हाड मोडले, प्लेट आणि स्क्रू टाकून ते जोडले, काही आठवड्यांनी रुग्ण हळूहळू पायावर भार देऊ लागला. वैद्यकीय गोष्ट इथे बहुतेक संपते. अमेरिकेत मात्र त्याच घोट्याची दुसरी गोष्ट तेव्हा ऐन भरात आलेली असते. टपालाने एकामागून एक लिफाफे येऊ लागतात. सर्जनचे बिल वेगळे, रुग्णालयाचे वेगळे, भूलतज्ज्ञाचे वेगळे, एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे. प्रत्येकावर पाच आकडी क्रमांक, अक्षर-अंकांचे संकेत आणि छाती दडपून टाकणाऱ्या डॉलरमधल्या रकमा.

हा विषय मराठी घरांना वाटतो तितका लांबचा नाही. मुलाकडे, लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील न्यू जर्सीच्या हिवाळ्यात बर्फाळ पायरीवरून घसरले, की हे लिफाफे त्याही घरात येतात. आणि पुणे, नवी मुंबईतल्या कार्यालयांत अनेक तरुण-तरुणी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचून हेच संकेत लावण्याचे काम रोज करतात. एका टोकाला बिल भरणारा आहे, दुसऱ्या टोकाला ते घडवणारा. दोघांनाही उपयोगी पडेल असा या व्यवस्थेचा पाया थोडक्यात सांगता येतो: जे डॉक्टरांनी लिहिले नाही, ते झालेच नाही असे धरायचे. सगळे पैसे शस्त्रक्रियेच्या नोंदीतल्या शब्दांवर ठरतात. म्हणूनच हे बिल वाचता येते, तपासता येते आणि चुकले असेल तर बदलून घेता येते.

आधी घोटा समजून घेऊ

गुडघ्याखाली दोन हाडे असतात. जाड, भार वाहणारे नडगीचे हाड म्हणजे टिबिया आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेले बारीक फिब्युला. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतात ते उंचवटे म्हणजे या हाडांची खालची टोके. आतला उंचवटा टिबियाचा, त्याला मिडियल मॅलिओलस म्हणतात. बाहेरचा फिब्युलाचा, तो लॅटरल मॅलिओलस. टिबियाच्या मागच्या कडेला तिसरा भाग असतो, पोस्टीरिअर मॅलिओलस. तो हाताला लागत नाही, पण एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतो. या तिघांनी मिळून केलेल्या खोबणीत टॅलस नावाचे हाड बसते आणि त्यावर आपला पाय वरखाली हलतो. टिबिया आणि फिब्युला खालच्या बाजूला एकमेकांना बळकट अस्थिबंधांनी बांधलेले असतात. त्या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात.

पाय मुरगळून घोटा मोडतो तेव्हा या तिघांपैकी एक, दोन किंवा तिन्ही भाग तुटतात. दोन तुटले तर बायमॅलिओलर, तिन्ही तुटले तर ट्रायमॅलिओलर. उंचावरून पडताना टॅलस खालून वर आदळला आणि टिबियाचा भार पेलणारा तळच फुटला, तर तो पायलॉन प्रकारचा अस्थिभंग. ही वर्गवारी सर्जनला उपचार ठरवायला लागते. बिलाची सगळी मांडणीही याच वर्गवारीवर उभी आहे.

दोन प्रश्न, दोन संकेत

बिल तयार करणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. रुग्णाला काय झाले? आणि डॉक्टरांनी काय केले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आयसीडी संकेतात मिळते. या संकेतांचे मूळ असलेली मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात आजारांचाही समावेश झाला. अमेरिकेने तिच्या दहाव्या आवृत्तीचे स्वतःसाठी विस्तारलेले रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केले. आधीच्या आवृत्तीत सुमारे १४ हजार संकेत होते, नव्या आवृत्तीत ते सुमारे ७० हजार झाले. वाढ एवढी मोठी का, हे घोट्यावरूनच समजते. जुन्या संकेतात डावा पाय की उजवा, हे सांगण्याची सोयच नव्हती.

आता एक संकेत उलगडून पाहू: एस८२.८५२ए. यातला 'एस' म्हणजे इजा. ८२ म्हणजे घोट्यासह पोटरीच्या भागातला अस्थिभंग. त्यापुढचे ८५ म्हणजे ट्रायमॅलिओलर. बायमॅलिओलर असते तर ८४ आले असते. पुढचा २ सांगतो की पाय डावा आहे आणि हाड जागचे सरकले आहे. उजव्या पायाचे हाड सरकले असेल तर १, आणि डाव्या पायाचे मोडले पण सरकले नसेल तर ५. शेवटचे अक्षर उपचाराचा टप्पा सांगते.

या शेवटच्या अक्षरावर नवखे कोडर, म्हणजे हे संकेत लावणारे, हमखास अडखळतात. 'ए' म्हणजे बंद अस्थिभंगावर सक्रिय उपचार चालू आहेत. त्याचा अधिकृत अर्थ पहिली भेट असा वाचला जातो, पण तो भेटीचा क्रमांक नाही. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी पहिल्या रात्री पाहिले तेव्हा 'ए', आणि सूज उतरायला आठवडाभर थांबून सर्जनने शस्त्रक्रिया केली तेव्हाही 'ए'च. हाड व्यवस्थित जुळत असताना पुढच्या तपासण्यांसाठी 'डी'. जुळायला उशीर होत असेल तर 'जी', जुळलेच नाही तर 'के', वाकडे जुळले तर 'पी'. त्वचा फाटून हाडाचा बाहेरच्या हवेशी संबंध आला असेल, तर तो उघडा अस्थिभंग, आणि तिथे सुरुवातीच्या उपचारासाठी 'बी' किंवा 'सी' लागते. यातले कोणते, हे रॅमॉन गुस्तिलो आणि जॉन अँडरसन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या जखमेच्या श्रेणीवरून ठरते. पहिली आणि दुसरी श्रेणी 'बी', तिसरी श्रेणी 'सी'.

डॉक्टरांनी काहीच लिहिले नाही तर? नियमच सांगतो की अस्थिभंग बंद आहे असे धरा आणि हाड सरकले आहे असे धरा. म्हणजे उघड्या जखमेची श्रेणी लिहायला सर्जन विसरले, तर कागदावर तो साधा बंद अस्थिभंग होतो आणि पुढच्या सगळ्या जास्तीच्या उपचारांना आधारच उरत नाही.

वयस्क रुग्णांच्या बाबतीत आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. रुग्णाला हाडांचा ठिसूळपणा आहे हे माहीत असेल आणि निरोगी हाड मोडले नसते इतक्या किरकोळ पडण्याने घोटा मोडला असेल, तर मार्गदर्शक नियमांनुसार 'एस८२' चालत नाही. तिथे ठिसूळपणामुळे झालेल्या अस्थिभंगाचा 'एम८०' गट वापरायचा. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच आहे, कारण अशा रुग्णाला प्लेटबरोबर ठिसूळपणावरच्या औषधांचीही गरज असते. पण परदेशात पाहुणे म्हणून गेलेल्यांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांवर मर्यादा असतात. तिथे हा संकेत वादाचे कारण ठरू शकतो. म्हणून पडणे किती जोराचे होते, किती पायऱ्यांवरून होते, हे पहिल्याच रात्री डॉक्टरांना नीट सांगणे आणि त्यांच्या नोंदीत येणे फार मोलाचे आहे. त्यासाठी वेगळे संकेतही आहेत. बर्फामुळे पायऱ्यांवरून पडल्याचा संकेत डब्ल्यू००.१ या क्रमांकाने सुरू होतो.

डॉक्टरांनी काय केले?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सीपीटी या पाच आकडी संकेतात असते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही यादी १९६६ मध्ये प्रथम काढली. १९८३ मध्ये वृद्धांसाठीच्या सरकारी मेडिकेअर योजनेने ती स्वीकारली आणि आज अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक डॉक्टरचे बिल तिच्याच भाषेत लिहिले जाते.

घोट्यापुरते पाहिले तर यादीची रचना फार शिस्तशीर आहे. प्रत्येक प्रकारच्या अस्थिभंगाला साधारण तीन पायऱ्या असतात. हाड न हलवता फक्त प्लास्टर, हाताने ओढून हाड बसवून प्लास्टर, आणि चीर देऊन शस्त्रक्रिया. फक्त आतला मॅलिओलस असेल तर हे तीन संकेत २७७६०, २७७६२ आणि २७७६६. फक्त बाहेरचा असेल तर २७७८६, २७७८८ आणि २७७९२. फक्त मागचा असेल तर २७७६७, २७७६८ आणि २७७६९. बायमॅलिओलरसाठी २७८०८, २७८१० आणि २७८१४.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. अस्थिभंग उघडा असणे आणि उपचार उघडा असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्वचा शाबूत असलेला बंद अस्थिभंगही सर्जन चीर देऊन, प्लेट लावून जोडतात. तेव्हा निदानाचा संकेत बंद अस्थिभंगाचा आणि उपचाराचा संकेत उघड्या शस्त्रक्रियेचा, असे दोन्ही एकाच बिलावर बरोबर असतात. उलट उघड्या अस्थिभंगात घाण आणि मेलेले ऊतक काढून जखम साफ करावी लागली, तर त्या कामासाठी ११०१० ते ११०१२ हे वेगळे संकेत आहेत. त्वचेपर्यंत साफ केले, स्नायूपर्यंत केले की हाडापर्यंत, यावर त्यातला कोणता लागेल ते ठरते. तेवढे खोलवर गेल्याचे नोंदीत लिहिलेले मात्र हवे.

बायमॅलिओलरचा २७८१४ हा संकेत दोन्ही बाजूंच्या कामाचा मिळून एक आहे. सर्जन बाहेरून चीर देऊन फिब्युलावर प्लेट लावतात आणि आतून दुसरी चीर देऊन टिबियाच्या टोकात स्क्रू घालतात. चिरा दोन, रोपणे दोन, पण संकेत एकच. आतल्याचा २७७६६ आणि बाहेरच्याचा २७७९२ असे दोन वेगळे लावून जास्त पैसे मागणे चुकीचे आहे. या प्रकाराला कोडिंगच्या जगात अनबंडलिंग म्हणतात. ते रोखण्यासाठी मेडिकेअरने १९९६ पासून एकमेकांबरोबर न चालणाऱ्या संकेतांच्या जोड्यांची यादी लागू केली आहे आणि तपासणीची संगणक प्रणाली ती प्रत्येक दाव्यावर लावते.

ट्रायमॅलिओलरमध्ये निर्णय आणखी नाजूक होतो. तिथे शस्त्रक्रियेचे दोन संकेत आहेत. मागचा तुकडा लहान असेल तर सर्जन तो तसाच सोडतात आणि बाकीचे हाड जोडतात. तेव्हा २७८२२. मागच्या तुकड्यालाही प्लेट किंवा स्क्रूने धरले तर २७८२३, आणि त्याचा मोबदला जास्त. निदान दोन्हींत एकच, ट्रायमॅलिओलर. फरक पडतो तो नोंदीतल्या एका वाक्याने. 'तिन्ही मॅलिओलस मोडले होते, अस्थिभंग बसवून स्थिर केला,' एवढेच सर्जनने लिहिले, तर कोडरला मागच्या तुकड्याचे काय झाले ते कळत नाही. एक्स-रेमध्ये स्क्रू दिसतो म्हणून कोडरने स्वतः अंदाज करायचा नसतो. त्याने सर्जनला लेखी विचारायचे असते. 'मागच्या तुकड्यावर प्लेट ठेवून दोन स्क्रूंनी धरले,' असे लिहिलेले असेल तर प्रश्नच उरत नाही.

हाडे जोडून झाल्यावर सर्जन थिएटरमध्येच फिब्युला ओढून पाहतात. सिंडेस्मोसिस सैल असेल तर टिबिया आणि फिब्युला आडव्या स्क्रूने किंवा मजबूत दोऱ्याच्या बटणाने बांधतात. या कामाला २७८२९ हा स्वतंत्र संकेत आहे आणि तो घोट्याच्या मुख्य संकेताबरोबर लावता येतो. पण जोड तपासला, तो सैल निघाला आणि म्हणून तो बांधला, हे तिन्ही नोंदीत यायला हवे. नुसता 'आणखी एक लांब स्क्रू घातला' असा उल्लेख असेल तर विमा कंपनी तो दावा सहज नाकारते. शस्त्रक्रियेदरम्यान पडद्यावर हाड पाहण्यासाठी वापरलेल्या एक्स-रे यंत्राचे पैसे मात्र सर्जनला वेगळे मागता येत नाहीत. ते मुख्य कामातच धरलेले असते.

पायलॉनचे गणित निराळे. तिथे फक्त फिब्युला जोडले तर २७८२६, फक्त टिबिया जोडले तर २७८२७ आणि दोन्ही जोडले तर २७८२८. पायलॉनला ट्रायमॅलिओलर समजून संकेत लावणे ही गंभीर चूक, कारण दोन्हींची शस्त्रक्रिया, धोका आणि मोबदला हे सगळेच वेगळे आहे.

नव्वद दिवसांचा करार

घोट्याच्या शस्त्रक्रियेचा मोबदला फक्त त्या दिवसाचा नसतो. मेडिकेअरच्या नियमाने अशा मोठ्या शस्त्रक्रियेत आदला दिवस, शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतरचे ९० दिवस यांतली नेहमीची देखभाल धरलेली असते. टाके काढणे, जखम पाहणे, हाड जुळते आहे का ते तपासणे, या भेटींसाठी सर्जनने वेगळे पैसे मागायचे नसतात. पहिले प्लास्टरही त्यातच येते. बहुतेक खासगी विमा कंपन्या हाच नियम पाळतात. रुग्णांनी हे जरूर जाणून घ्यावे, कारण दुसऱ्या महिन्यातल्या साध्या तपासणीचे बिल आले तर त्याविषयी विचारणा करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

या कराराला काही अपवाद आहेत आणि ते संकेताला जोडलेल्या दोन अंकी पुरवणी क्रमांकांनी दाखवतात. शस्त्रक्रिया करायचे ज्या भेटीत ठरले ती आदल्या किंवा त्याच दिवशीची असली, तर ५७ लावून तिचे पैसे मिळतात. जखम चिघळली आणि पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागले तर ७८, आणि तेव्हा फक्त शस्त्रक्रियेपुरताच मोबदला मिळतो. आधीच ठरवलेला पुढचा टप्पा असेल, जसे सिंडेस्मोसिसचा स्क्रू काही आठवड्यांनी काढणे, तर ५८. याच काळात त्याच सर्जनने हाताच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया केली तर ७९. डावा की उजवा पाय, हे दाखवायला एलटी आणि आरटी. निदानाच्या संकेतात डावा पाय आणि शस्त्रक्रियेच्या संकेताला आरटी, एवढी एक विसंगतीही दावा परत यायला पुरते.

सहलीला दुसऱ्या राज्यात गेलेल्या रुग्णासाठी ५४ आणि ५५ हे क्रमांक उपयोगी आहेत. कोलोरॅडोत शस्त्रक्रिया झाली आणि पुढची देखभाल न्यू जर्सीतल्या डॉक्टरांनी केली, तर पहिल्या सर्जनने ५४ आणि दुसऱ्याने ५५ लावून मोबदला वाटून घ्यायचा असतो. हे झाले नाही तर एकाच देखभालीचे पैसे दोनदा मागितले जातात आणि नाकारलेल्या भागाचा भार रुग्णावर येण्याची भीती असते.

इतकी बिले का येतात?

सर्जनचा मोबदला हा त्यांच्या कौशल्याचा. थिएटर, परिचारिका, खोली, प्लेट आणि स्क्रू यांचे पैसे रुग्णालय स्वतः मागते. डॉक्टरांचा दावा सीएमएस-१५०० या अर्जावर जातो, रुग्णालयाचा यूबी-०४ वर, किंवा या दोन्हींच्या संगणकीय रूपात. भूलतज्ज्ञाचा हिशेब तर वेळेवर चालतो. घोट्याच्या हाडावरच्या उघड्या शस्त्रक्रियेच्या भुलीचा संकेत ०१४८०. त्याची ३ मूळ एकके, त्यात दर १५ मिनिटांना एक एकक मिळवायचे. दीड तास भूल दिली तर ३ आणि ६ मिळून ९ एकके, आणि त्याला ठरलेल्या दराने गुणायचे. एक्स-रेचेही दोन भाग: यंत्राचा खर्च एक आणि चित्र वाचून अहवाल देणाऱ्या डॉक्टरांचे शुल्क दुसरे.

रुग्ण दाखल झाला तर रुग्णालयाच्या मोबदल्याची रीतच बदलते. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी विकसित केलेली रुग्णगटांची पद्धत मेडिकेअरने १९८३ पासून स्वीकारली. तिच्यात प्रत्येक वस्तूचे पैसे न मोजता रुग्ण कोणत्या गटात बसतो ते पाहून ठरलेली रक्कम देतात. घोट्याच्या शस्त्रक्रियेचे गट ४९२, ४९३ आणि ४९४. सोबत फार गंभीर गुंतागुंत असेल तर पहिला, मध्यम असेल तर दुसरा, काही नसेल तर तिसरा. रक्तस्रावामुळे झालेला तीव्र रक्तक्षय ही यातली मध्यम गुंतागुंत. पण हिमोग्लोबिन उतरलेले नुसते प्रयोगशाळेच्या कागदावर दिसून चालत नाही. डॉक्टरांनी ते निदान म्हणून लिहिले असेल तरच कोडर ते मोजू शकतो.

पैसा कसा ठरतो?

१९९२ पासून मेडिकेअर डॉक्टरांचा मोबदला सापेक्ष मूल्यांवर देते. हार्वर्डमधले अर्थशास्त्रज्ञ विल्यम शाओ यांच्या अभ्यासावर ही पद्धत उभी आहे. प्रत्येक सीपीटी संकेताला तीन मूल्ये असतात. डॉक्टरांचे श्रम, दवाखाना चालवण्याचा खर्च आणि व्यावसायिक चुकीच्या विम्याचा खर्च. प्रदेशाप्रमाणे ती थोडी कमीजास्त करून त्यांची बेरीज करतात आणि एका डॉलर-दराने गुणतात. २०२५ साली तो दर सुमारे ३२.३५ डॉलर होता. खासगी विमा कंपन्या अनेकदा याच्याच पटीत करार करतात.

पण रुग्णाच्या हाती पडणारी पहिली रक्कम बहुधा यातली नसते. ती असते रुग्णालयाच्या स्वतःच्या दरपत्रकातली, म्हणजे कराराआधीची. विमा कंपनी त्यातून मान्य रक्कम ठरवते, उरलेली वजा होते आणि मान्य रकमेतला रुग्णाचा वाटा शेवटी त्याच्याकडे येतो. विमा नसलेल्या किंवा तोकडा विमा असलेल्या माणसाच्या अंगावर मात्र तेच पूर्ण दरपत्रक कोसळते. ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी अन्यायाची जागा आहे असे मला वाटते. ज्याची वाटाघाटीची ताकद सर्वांत कमी, त्याच्यापुढे सर्वांत मोठा आकडा ठेवला जातो.

अलीकडच्या काही कायद्यांनी त्याला थोडा आधार दिला आहे. १ जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांना आपले दर जाहीर करणे बंधनकारक झाले. १ जानेवारी २०२२ पासून अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा 'नो सरप्रायझेस' कायदा लागू झाला. त्यानुसार विमा न वापरता पैसे भरणाऱ्याची शस्त्रक्रिया किमान तीन कामकाजाचे दिवस आधी ठरली असेल, तर रुग्णालयाने अंदाजपत्रक लेखी द्यायचे आणि प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक आले तर १२० दिवसांत दाद मागता येते. घोट्याची शस्त्रक्रिया सूज उतरेपर्यंत बरेचदा पुढे ढकलतात. त्यामुळे हे अंदाजपत्रक मागायला सवड मिळते.

लिहिणाऱ्यांची जबाबदारी

कामापेक्षा वरचा संकेत लावून सरकारी योजनेकडून जाणूनबुजून पैसे घेणे अमेरिकेत फसवणूक ठरते. त्याविरुद्धचा कायदा यादवी युद्धाच्या काळातला, १८६३ चा आहे आणि त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुलीची तरतूद आहे. उलट केलेल्या कामाचा संकेत लावायचा राहिला, तर डॉक्टरांच्या श्रमाचे पैसे बुडतात. कोडरला या दोन्हींच्या मधून चालायचे असते आणि त्याच्या हाती असतो तो फक्त लिहिलेला कागद.

आपल्याकडे फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, जीवशास्त्र शिकलेली मुले-मुली या क्षेत्रात येतात, प्रमाणपत्र परीक्षा देतात आणि दिवसाला ठरलेल्या संख्येने नोंदी तपासतात. त्यांना माझे एकच सांगणे आहे. संख्येच्या घाईत शस्त्रक्रियेची नोंद शीर्षकावरून संकेतबद्ध करू नका. वर 'बायमॅलिओलर' लिहिलेले असते आणि खाली चौथ्या परिच्छेदात मागच्या तुकड्यात घातलेला स्क्रू सापडतो. शंका आली तर सर्जनला विचारा. तुमच्या एका अंकामुळे कुणाचा दावा महिनोन्‌महिने अडतो.

हे ज्ञान अमेरिकेपुरतेही नाही. भारतातल्या आरोग्य विम्याच्या दाव्याचा जो अर्ज रुग्णालयाने भरायचा असतो, त्यातही निदान आणि शस्त्रक्रियेच्या आयसीडी संकेतांसाठी रकाने आहेत. आपल्याकडे ते बरेचदा घाईघाईत भरले जातात आणि रुग्णाचे नातेवाईक त्याकडे पाहतही नाहीत.

रुग्णाने काय करावे?

पहिले बिल आले म्हणून लगेच पैसे भरू नका. रुग्णालयाकडून प्रत्येक सेवेचा संकेत आणि तारीख दाखवणारे तपशीलवार बिल मागा. शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागा. अमेरिकेत १९९६ च्या हिपा कायद्याखाली ती मिळणे तुमचा हक्क आहे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाच गोष्टी पाहा: पाय डावा-उजवा बरोबर आहे का, किती मॅलिओलस मोडले आणि किती जोडले, एकाच कामाचे दोन संकेत लागले आहेत का, ९० दिवसांतल्या तपासण्यांचे वेगळे पैसे मागितले आहेत का, आणि विमा कंपनीच्या पत्रातली मान्य रक्कम बिलाशी जुळते का. चूक दिसली तर फोनवर वाद घालण्याऐवजी लेखी पत्र द्या. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि मुदतीत अपील करा. पैसे परवडत नसतील तर आर्थिक साहाय्याचे धोरण विचारा. ना-नफा तत्त्वावरच्या रुग्णालयांना असे लेखी धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

आणि आईवडिलांना परदेशी बोलावण्याआधी त्यांचा विमा नीट वाचा. प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या स्वस्त पॉलिसीत घोट्याच्या एका शस्त्रक्रियेचा मोठा भाग तुमच्याच खिशातून जाऊ शकतो. व्यापक संरक्षण देणारी पॉलिसी महाग वाटली, तरी हिवाळ्यात येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तीच घ्या.